निष्ठेचा जमाखर्च

नेतृत्वाची निष्ठा भाषणावरून नव्हे, जमाखर्चावरून पारखावी. सुलतानपूर असो वा अन्य कोणतेही गाव, निवडणुकीत निष्ठेच्या आणाभाका उदंड होतात. परंतु ती निष्ठा बहुधा व्यक्तीशी असते, कार्याशी नव्हे. याच बुलढाणा जिल्ह्यात शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानचा कारभार शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक दशके विनामोबदला सांभाळला. नेत्याने स्वतः सोसलेली झीज हेच अनुयायांच्या विश्वासाचे तारण होय. म्हणूनच तेथे हजारो सेवेकरी पाळीपाळीने विनावेतन राबतात. ४ ऑगस्ट २०२१ रोजी भाऊ निवर्तले; सेवा मात्र खंडित झाली नाही.

निष्ठा उपदेशाने रुजत नाही. लहान जबाबदाऱ्या, खुला हिशेब आणि लाभापासून राखलेले अंतर यांतूनच ती जोपासली जाते. गावच्या सोसायटीचा कारभारी निवडताना मतदारांनी हीच कसोटी लावावयास हवी.