नवा संगणक आला, जुन्या कामाचे काय?

आपल्या वस्त्यांतील अनेक मुलामुलींनी डी.टी.पी. शिकून त्यावर संसार उभा केला. लग्नपत्रिका, मंडळाचे अहवाल, सोसायटीच्या नोटिसा, हेच त्यांचे रोजचे काम. त्यांच्यापुढे आता पेच पडला आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ घेत नाहीत. उसनवारी करून नवा घ्यावा, तर ज्या प्रोग्रामवर हात बसला आहे तो चालेलच असे नाही.

असे का होते? कोणताही प्रोग्राम एकट्याच्या बळावर चालत नसतो. फाईल उघडणे, पडद्यावर अक्षर काढणे, प्रिंटरला हुकूम देणे ही कामे तो विंडोजकडून करवून घेतो. विंडोज ३.१ च्या काळातले प्रोग्राम १६ बिटचे होते. पुढे विंडोज ९५ बरोबर ३२ बिटचे रुळले. आजची ६४ बिटची विंडोज ३२ बिटचे प्रोग्राम चालवते, १६ बिटचे नाही. विंडोज १० च्या ३२ बिट आवृत्तीत तीही सोय होती. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ची तशी आवृत्तीच निघाली नाही. त्या काळचे काही प्रोग्राम तर स्वतः ३२ बिटचे, पण ते बसवणारा सेटअप १६ बिटचा. घर धडधाकट, दारच उघडत नाही!

आपल्या मराठी मजकुराची अडचण मात्र निराळी, आणि माझ्या मते जास्त गंभीर. जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसला की फाईल उघडते, पण दिसते ती इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा १९९१ सालीच मिळाली होती, तरी छपाईच्या धंद्यात जुने फॉन्ट पुढे कितीतरी वर्षे चालले. वीस वर्षांची सभासद यादी किंवा एखाद्या वडीलधाऱ्याच्या आठवणी अशा फाईलीत अडकल्या असतील, तर त्या आधी सोडवायला हव्यात.

म्हणून जुना संगणक मोडीत देण्यापूर्वी, तो चालू आहे तोवरच, महत्त्वाच्या प्रत्येक फाईलीची पी.डी.एफ. काढा. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या; प्रत्येक फॉन्टचा कन्व्हर्टर वेगळा असतो. बदललेला मजकूर डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि जोडाक्षरे हमखास चुकतात. मूळ फाईल आणि तिचा फॉन्ट दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

प्रोग्रामच हवा असेल तर प्रॉपर्टीजमधील कम्पॅटिबिलिटी वापरून पाहा. डॉसच्या प्रोग्रामसाठी डॉसबॉक्स फुकट मिळते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुनी विंडोज नव्या संगणकाच्या पोटात चालवता येते, मात्र त्या जुन्या विंडोजची सीडी आणि नंबर जवळ हवा. हे जमत नसेल तर जुना संगणक केवळ त्या कामापुरता ठेवा. त्याला इंटरनेट जोडू नका, बँकेचे व्यवहार त्यावर करू नका. दुरुस्तीवाला "फॉरमॅट मारतो" म्हणाला, तर आधी सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर काढून घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.