राजा कुणी का असेना, आपल्याला काय?

परवा मेसमध्ये इलेक्शनवरून वाद रंगला होता. माझी रूममेट म्हणाली, "वर कुणीही बसो, आपल्या ताटातलं वरण पातळ ते पातळच!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण रात्री ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मी हिंगोलीची. १ मे १९९९ ला आमचा जिल्हा परभणीतून वेगळा झाला, माझ्या जन्माच्याही आधी. घरातल्या जुन्या कागदांवर 'जि. परभणी', माझ्या दाखल्यावर 'जि. हिंगोली'. आजी म्हणते, "पाटी बदलली, शेत तिथंच हाय." मग रूममेटचंच खरं का?

उत्तर मला भलत्याच ठिकाणी सापडलं, गोव्याच्या इतिहासात. स्पेनने पोर्तुगाल जिंकलं असतं तर गोवा, वसई, चौलचं काय झालं असतं? वाटतो ना जर-तरचा प्रश्न? पण हे खरंच घडलंय! कॉन्व्हेंटमध्ये वास्को द गामा पाठ केला होता, हे मात्र मला कधीच कळलं नव्हतं.

१५७८ मध्ये पोर्तुगालचा तरुण राजा सेबॅस्टियन मोरोक्कोच्या लढाईत मेला. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याच्या जागी आलेला म्हातारा राजाही १५८० मध्ये गेला. लगेच स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने गादीवर हक्क सांगून सैन्य घुसवलं आणि लिस्बन घेतलं. १५८१ मध्ये तोमार गावी त्याने वचन दिलं की कारभार पोर्तुगीजांच्याच हाती राहील, भाषा पोर्तुगीजच राहील. म्हणून गोव्यात वरवर काहीच बदललं नाही. व्हाइसरॉय पोर्तुगीज, कागद पोर्तुगीज. फादर स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, तेव्हाही लिस्बनच्या गादीवर स्पेनचाच राजा होता! त्या काळी गोव्यात मेस असती तर तिथेही कुणीतरी म्हणालं असतं, "आपल्याला काय?"

पण पाटी तीच राहिली, शत्रू मात्र बदलले. डच लोक फिलिपविरुद्ध बंड करून उठले होते. ते आपले मसाले लिस्बनमधून विकत न्यायचे. फिलिपने त्यांच्या जहाजांवर बंदी घातली, तेव्हा ते सरळ पूर्वेकडेच निघाले. वाट दाखवायला लिन्स्कोटेन होता. गोव्याच्या आर्चबिशपकडे कारकुनी करून गेलेल्या या माणसाने १५९६ मध्ये सगळी माहिती छापून टाकली. १६०२ मध्ये डच कंपनी निघाली. पुढे होर्मुझ इराणच्या शहाने इंग्रजांच्या मदतीने घेतलं (१६२२), मलाक्का डचांनी घेतलं (१६४१). भांडण स्पेनचं, मार पोर्तुगीजांना. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

१६४० मध्ये पोर्तुगालने स्पेनचं जोखड फेकलं. पण लढाई १६६८ पर्यंत चालली आणि त्यात इंग्लंडची मदत हवी होती. म्हणून १६६१ च्या करारात राजकन्या कॅथरिनच्या हुंड्यात मुंबई दिली गेली. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने ती कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली!

आता खरं जर-तर करू. सेबॅस्टियन मोरोक्कोतून जिवंत परतला असता तर? डच कदाचित अजून बरीच वर्षं लिस्बनमध्येच मिरी घेत राहिले असते. मुंबई कदाचित पोर्तुगीजांकडेच राहिली असती. मग आज नोकरीसाठी आपण कुठल्या शहराची स्वप्नं पाहिली असती? हा माझा अंदाज आहे, चूक असू शकतो. पण जर-तरचा प्रश्न विचारल्यावरच कारणं दिसायला लागतात. नुसत्या सनावळ्या पाठ करून मार्क मिळतात, कारण कळत नाही.

म्हणून रूममेटला माझं सांगणं आहे: बाई गं, वरण उद्या बदलणार नाही हे खरं. गोव्यातही दुसऱ्या दिवशी काही बदललं नव्हतं. परिणाम दिसायला वीस वर्षं लागली आणि तेव्हा कुणाच्याच हातात काही उरलं नव्हतं. गोव्याच्या लोकांना कुणी विचारलंच नव्हतं. आपल्याला निदान पाच वर्षांतून एकदा तरी विचारतात. मग "आपल्याला काय?" म्हणून तो हक्क फुकट का घालवायचा?

आणि हो, मेस कमिटीची मीटिंग असेल तेव्हा दोघीही जाऊ. वरणाचा प्रश्न तिथेच मांडू!