पगार सोडला, दोरा धरला

आमच्या एका कार्यकर्त्याच्या सुनेने पतसंस्थेतली नोकरी सोडली आणि घरातच भरतकामाचे दोरे, लोकर, टिकल्या विकायला मांडल्या. सासरा कपाळ बडवतो आहे : कोरडवाहू कपाशीच्या घरात तेवढाच एक पगार होता, तोही घालवला! त्याची भीती खोटी नाही. पण दरसाल मृगाच्या भरवशावर बियाणं मातीत टाकणाऱ्यानं तिला जुगारी म्हणावं? दोऱ्याचा भाव ती स्वतः लावते. १९७२ च्या एकाधिकार खरेदीने आम्हाला तर गिऱ्हाईक निवडण्याचीही मुभा ठेवली नव्हती.

मात्र सूनबाई, न खपणारे रंग आणि उधारी भांडवल गिळतात. आधी मोजकेच रंग आणा. कर्ज लागलेच तर २०१५ च्या मुद्रा योजनेत बिनतारण मागा; सासऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढवू नका.