लॅपटॉप आपला, पण त्यातली माहिती तिची

सल्ला केंद्रातल्या जुन्या केस-फाइली आपण कधी रद्दीवाल्याला घालतो का? नाही. त्या कुलपात राहतात, आणि काढायच्याच झाल्या तर आपल्यापैकी कोणीतरी बसून त्या फाडते, जाळते. बाईने माहेरीही न सांगितलेल्या गोष्टी त्या कागदांवर आहेत, याची आपल्याला जाणीव असते. मात्र त्याच फाइली लॅपटॉपमध्ये गेल्या की ही जाणीव कुठे जाते? लॅपटॉप मंद चालू लागला की पासवर्डची चिठ्ठी चिकटवून तो दुकानात जातो आणि नव्याच्या किमतीत हजार-दोन हजार कमी झाले की आपण खूश!

हा विषय आत्ता काढायला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीची मदत देणे थांबवले. अनेक जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही. त्यामुळे ते बदलण्याची वेळ संस्थांवर आली आहे, घरांवरही.

‘सगळे डिलीट केले आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. डिलीट केल्यावर फाइलचे नाव यादीतून जाते आणि तिची जागा मोकळी आहे अशी नोंद होते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर बहुधा डिस्कवर तसाच राहतो, आणि तो परत काढून देणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतल्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलट यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू असलेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या होत्या फक्त १२!

यात बाईचे काय जाते, हे हाँगकाँगमध्ये दिसले. तिथल्या एका नटाने लॅपटॉप दुरुस्तीला दिला. दुकानातल्या तंत्रज्ञाने त्यातली खासगी छायाचित्रे उतरवून घेतली आणि जानेवारी २००८ मध्ये ती जगभर पसरली. तंत्रज्ञाला २००९ मध्ये साडेआठ महिन्यांची कैद झाली. नटाने माफी मागितली हे ठीकच. पण छायाचित्रांतल्या एका अभिनेत्रीलाही ‘मी भोळी होते’ असे म्हणत जाहीर माफी मागावी लागली. तिने कोणाचे काय केले होते? लॅपटॉप त्याचा होता, बदनामी तिची झाली.

आता आपल्या लॅपटॉपमध्ये काय असते ते आठवा. कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज, जखमांचे फोटो, आश्रयाला गेलेल्या बाईचा पत्ता. बलात्कारपीडितेची ओळख प्रसिद्ध करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा ज्या नावाला इतके जपतो, ते नाव आपण भंगाराच्या भावात द्यायचे?

उपाय अवघड नाही. सर्वात खात्रीचा म्हणजे डिस्क काढून घेऊन लॅपटॉप विकणे. बहुतेक जुन्या लॅपटॉपच्या तळाला स्क्रू असतात. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, झाकण उघडले की हार्ड डिस्क हाताने सुटते. किंमत थोडी कमी येईल, येऊ द्या. काही पातळ लॅपटॉपमध्ये ती सुटत नाही. तिथे विंडोजच्या ‘रिसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून, पुढच्या सेटिंगमध्ये ‘क्लीन डेटा’ चालू करायचे. वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवा. एसएसडी प्रकारच्या डिस्कवर नुसते वरून दुसरे काही लिहून भागत नाही, तिच्या कंपनीचे ‘सिक्युअर इरेज’ वापरावे लागते. मोडायचीच असेल तर हार्ड डिस्कच्या तबकड्यांना आणि एसएसडीच्या प्रत्येक चिपला भोक पाडा आणि मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्रात द्या.

एक सावधगिरी मात्र हवी. पोटगीचा किंवा छळाचा दावा चालू असेल तर पुसण्याची घाई करू नका. धमकीचे ईमेल, नवऱ्याच्या उत्पन्नाची कागदपत्रे हा पुरावा आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार अशा पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते, आणि मूळ यंत्र हाती असले तर बाजू बळकट राहते. आधी वकिलाला विचारा, मगच पुसा. घरातला लॅपटॉप नवरा परस्पर विकायला निघाला असेल तर तर अधिकच जागे राहायला हवे.

‘ते तांत्रिक काम, दुकानातला मुलगा बघेल’ ही सवय आपण मोडायला हवी. शिलाई मशीन उघडून तेल घालणाऱ्या, कुकरची शिट्टी दुरुस्त करणाऱ्या बायकांना चार स्क्रू काढता येणार नाहीत? माझे म्हणणे इतकेच, की प्रत्येक संस्थेने ठराव करावा: डिस्क काढल्याशिवाय किंवा पुसल्याशिवाय लॅपटॉप दाराबाहेर जाणार नाही, ते काम दोघींनी मिळून करायचे आणि नोंदवहीत दोघींनी सह्या करायच्या. बाई आपल्यापुढे बोलते ती आपल्या भरवशावर. तो भरवसा विकायला आपल्याला कोणी दिलेला नाही.