एडिटिंग सॉफ्टवेअर फुकटचं चालेल, पैसे हार्डडिस्कवर घाला



जुन्या लग्नाच्या कॅसेट डिजिटल करून द्यायचा धंदा सुरू करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "सर, एडिटिंगचं कुठलं सॉफ्टवेअर विकत घेऊ?" माझं स्पष्ट मत: सुरुवातीला कुठलंच नको.

गिऱ्हाईकाला काय हवं असतं? कॅसेट पेनड्राइव्हमध्ये, मधला कोरा भाग कापलेला, हळद, लग्न, वरात वेगवेगळी. एवढ्याला शॉटकट पुरतं. फुकट आहे, वॉटरमार्क येत नाही, 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालतं. रंग सुधारायचेत? डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घ्या, पण 16 जीबी रॅम धरून चला. फाइल लहान करायला हँडब्रेक, तेही फुकट. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर मात्र दुकानात शिरूच देऊ नका.

मग पैसे कुठे घालायचे? साठवणुकीवर. हे मी ठेच लागून शिकलो. एकाची बुरशी धरलेली कॅसेट कशीबशी एकदा चालली, नंतर फीत गुरफटून तुटली. म्हटलं, फाइल आहे ना! ती फाइल एकाच हार्डडिस्कवर होती, आणि द्यायच्या आदल्या दिवशी डिस्क टेबलावरून पडली. त्यात त्यांच्या वारलेल्या वडिलांचा आवाज होता. मी पैसे परत केले. त्यांनी ते हातातही घेतले नाहीत.

म्हणून 3-2-1 चा नियम पाळा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुकानाबाहेर. हिशोब सोपा आहे. मिनी डीव्हीची एक तासाची कॅसेट साधारण 13 जीबी घेते. म्हणजे 50 कॅसेटला 650 जीबी. 1 टीबीच्या डिस्कवर आरामात बसतात. अशा दोन डिस्क घ्या, तिसरी प्रत क्लाउडवर. गिऱ्हाईकाने पेनड्राइव्ह घरी लावून बघितल्याशिवाय काहीही पुसू नका.

आणि दर ठरवताना वेळ विसरू नका. तीन तासांची व्हीएचएस उतरवायला तीनच तास लागतात, त्यात घाई चालत नाही. व्हीसीआरही आता जुनाच शोधावा लागतो. शेवटच्या मोठ्या उत्पादकाने, फुनाईने, 2016 मध्येच तो बनवणं थांबवलं. तेव्हा मशीनची दुरुस्ती दरात धरा.

लक्षात ठेवा, सॉफ्टवेअर उद्याही बदलता येतं. गेलेली आठवण नाही.