बालरुग्णाची शुश्रूषा आणि पालकांची बुडीत मजुरी

दरवर्षी 15 फेब्रुवारी रोजी आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन पाळण्यात येतो. 2002 पासून सुरू झालेल्या या दिनामागे कोणतेही सरकार किंवा औषध कंपनी नव्हती. कर्करोगग्रस्त बालकांच्या पालकांनी निरनिराळ्या देशांत स्थापन केलेल्या संघटनांच्या महासंघाने त्याची सुरुवात केली. अंथरुणाला मूल खिळले असले, तरी आजाराला तोंड साऱ्या घराला द्यावे लागते, याची ती एका अर्थाने नोंदच होती. आपल्या देशात मात्र या विषयाची चर्चा बहुधा औषधे, यंत्रसामग्री आणि विमासंरक्षण यांपुरती मर्यादित राहते. मुलासोबत महिनोन् महिने राहणाऱ्या आई-वडिलांचा विचार त्यात अभावानेच होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी 19 वर्षांपर्यंतच्या सुमारे 4 लाख मुलांना कर्करोग होतो. संपन्न देशांत त्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात; गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण 30 टक्क्यांहूनही कमी आहे. ही दरी कमी करण्यासाठी संघटनेने 2018 मध्ये जागतिक उपक्रम हाती घेतला आणि 2030 पर्यंत किमान 60 टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट ठरविले. निदानास होणारा विलंब आणि औषधांची टंचाई ही या दरीची कारणे आहेतच. परंतु उपचार मध्येच सोडून कुटुंबाने गावी परतणे, हेही एक प्रमुख कारण असल्याचे संघटनेने नमूद केले आहे. पालक उपचार का सोडतात, या प्रश्नाचे उत्तर शोधल्याखेरीज हे उद्दिष्ट गाठणे कठीण आहे.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या तीव्र कर्करोगाचे उदाहरण घेता येईल. त्याचा उपचार साधारणपणे दोन ते अडीच वर्षे चालतो. पहिल्या चार-पाच आठवड्यांत तीव्र औषधांनी रोग आटोक्यात आणला जातो. त्यानंतर काही महिने किमोथेरपीचे टप्पे पूर्ण होतात आणि पुढे दीर्घकाळ गोळ्या घ्याव्या लागतात. या कालावधीतील रुग्णालयात प्रत्यक्ष दाखल असण्याचे दिवस तुलनेने थोडे असतात. उरलेला काळ मूल कुठल्या तरी धर्मशाळेत, भाड्याच्या खोलीत किंवा स्वतःच्या घरी असते आणि त्याची शुश्रूषा पालकांच्याच हाती असते.

ही शुश्रूषा म्हणजे केवळ मायेने जवळ बसणे नव्हे. किमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घटल्या, की साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणूनच ताप 100.4 अंश फॅरनहाइटपर्यंत पोहोचताच, मध्यरात्र असली तरी मुलाला रुग्णालयात न्यावे लागते. पाणी उकळून देणे, अन्न ताजे शिजविणे, तोंडातील फोडांमुळे न जेवणाऱ्या मुलाला घासघास भरविणे आणि औषधांच्या परिणामाने होणारी चिडचिड सोसणे, ही कामे आई-वडील दिवसरात्र करतात. सुईच्या भीतीने रडणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला धीर देण्याचे कामही त्यांच्याच वाट्याला येते. अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, घरी घ्यावयाच्या गोळ्यांपैकी 95 टक्क्यांहून कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांमध्ये रोग उलटण्याचा धोका अडीच पटींहून अधिक असल्याचे आढळले. रोजची गोळी न चुकता मुलाच्या पोटात जाणे हा उपचाराचा गाभा आहे आणि ते काम कोणतीही परिचारिका नव्हे, तर पालक करतात.

भारतात या कामाची किंमत मोठी आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, पश्चिम बंगाल अशा दूरच्या राज्यांतून रुग्ण येतात. परळ परिसरातील पदपथांवर मुक्काम करणारी रुग्णांची कुटुंबे मुंबईकरांच्या परिचयाची आहेत. अशा कुटुंबात बहुधा आई मुलाजवळ थांबते, वडील गावी परतून किंवा शहरातच मिळेल ते काम करून पैसे जमवितात आणि इतर भावंडे आजी-आजोबांकडे राहतात. शेतमजूर किंवा रोजंदारी कामगार असलेल्या घरात एका व्यक्तीची मजुरी बुडणे म्हणजे उत्पन्नात मोठी तूट येणे होय. औषध मोफत मिळाले, तरी भाडे, प्रवास, जेवण आणि कर्जाचे व्याज यांचा भार कायम राहतो. मुलाची प्रकृती जरा सुधारली, की 'आता बरे आहे' असे म्हणून कुटुंब परतते, त्यामागे अज्ञानापेक्षा हे गणित अधिक असते. उपचारांसाठी रुग्णालयात येणाऱ्या बालकांत मुलांच्या तुलनेत मुलींची संख्या कमी असल्याचे देशातील रुग्णालयीन नोंदींच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. खर्चाचा ताण वाढला, की त्याची झळ प्रथम कोणाला बसते, हे यावरून ध्यानात यावे.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांची अनेक वर्षांपासून सोय होत आली आहे. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स या संस्थेने 2006 पासून मुंबईत आणि पुढे अन्य शहरांत, उपचार घेणारी मुले व त्यांचे पालक यांच्यासाठी विनामूल्य निवासाची व्यवस्था केली आहे. रेल्वेतून उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगरुग्णास शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण, तर सोबतच्या एका व्यक्तीस 75 टक्के सवलत मिळते. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना 2008 पासून संपूर्ण सेवाकाळात 730 दिवसांची बालसंगोपन रजा उपलब्ध असून, पुढे ती एकल पुरुष पालकांनाही लागू झाली. मात्र असंघटित क्षेत्रातील मजुराला अशी कोणतीही रजा नाही.

सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेने कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले आणि किमोथेरपीचा मोठा भार हलका केला, हे मान्य करावेच लागेल. तथापि ही योजना मूलतः रुग्णालयातील उपचारांभोवती आखलेली आहे. रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतरच्या 15 दिवसांपर्यंतचा औषधोपचार तीत समाविष्ट आहे. दोन वर्षांच्या उपचारात दोन टप्प्यांमधील पालकांचा मुक्काम आणि त्यांची बुडालेली मजुरी यांना मात्र तीत स्थान नाही.

विशेष म्हणजे, पालकाची मजुरी भरून देण्याचे तत्त्व आपल्या आरोग्यव्यवस्थेला नवे नाही. तीव्र कुपोषित बालकांना पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केल्यास सोबत राहणाऱ्या आईला किंवा पालकाला मजुरीची भरपाई द्यावी, अशी तरतूद राष्ट्रीय पातळीवरील 2011 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात हीच रक्कम 'बुडीत मजुरी' या नावाने ओळखली जाते. आई केंद्रात थांबली नाही, तर मूल बरे होत नाही आणि मजुरी बुडाली, तर आई थांबू शकत नाही, या अनुभवातून ही तरतूद आली. क्षयरुग्णांना पोषणासाठी 2018 पासून दरमहा 500 रुपये देण्यात येत होते. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 1000 रुपये करण्यात आली. उपचार पूर्ण व्हावेत यासाठी औषधाबाहेरील खर्चही उपचाराचाच भाग मानावा लागतो, हे सरकारने येथे स्वीकारले आहे. दीर्घकाळ उपचार घेणाऱ्या बालकर्करोगरुग्णांच्या पालकांना हेच तत्त्व लागू का करू नये, असा प्रश्न उपस्थित होतो. देशातील अशा कुटुंबांची संख्या क्षयरुग्णांच्या तुलनेत बरीच कमी असल्याने त्याचा आर्थिक बोजाही मर्यादित राहील.

दुसरा मार्ग अंतर कमी करण्याचा आहे. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा करण्यात आली आणि त्यांपैकी 200 केंद्रे त्याच वर्षी सुरू करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. या केंद्रांचा लाभ मुलांना व्हावयाचा असेल, तर लहान मुलाच्या नाजूक शिरेतून औषध देणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका, तत्काळ होणारी रक्ततपासणी, ताप आल्यास लगेच मिळणारी प्रतिजैविके आणि मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांशी दूरध्वनीवरून संपर्क, एवढ्या गोष्टी तेथे असाव्याच लागतील. तसे झाल्यास मोठ्या शहरातील सुरुवातीचे टप्पे आटोपून कुटुंबाला आपल्या जिल्ह्यात परतता येईल, वडिलांचे काम सुटणार नाही आणि भावंडांची ताटातूटही टळेल. केवळ इमारत उभी राहिली आणि ताप आलेल्या मुलाला पुन्हा महानगराकडे धाडावे लागले, तर पालकांची फरफट तशीच चालू राहील.

बालरुग्णाजवळ बसलेली आई रुग्णालयाच्या नोंदवहीत 'नातेवाईक' असते. प्रत्यक्षात मात्र ती उपचार करणाऱ्या चमूची बिनपगारी सदस्य असते. तिला मुक्कामाला जागा, दोन वेळचे अन्न आणि घरी चूल पेटती राहील एवढा आधार मिळाला, तर महागड्या औषधांवर होणारा सरकारी खर्चही सार्थकी लागेल. 2030 चे उद्दिष्ट आता फार दूर नाही. ते गाठण्यासाठी नव्या औषधांची आवश्यकता आहेच; त्याइतकीच आवश्यकता, हाती असलेला उपचार शेवटच्या गोळीपर्यंत पूर्ण करण्याचे बळ पालकांना देण्याची आहे.