तापी, ताप्ती आणि टॅप्टी

जळगाव-भुसावळकडच्या एखाद्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत भूगोलाच्या पुस्तकातील नद्यांची नावे मोठ्याने वाचायला सांगितली, तर तापीचा उच्चार 'टापी' किंवा 'टॅप्टी' असा कानी पडला तर नवल वाटू नये. ज्या नदीच्या खोऱ्यात आजोबांची केळीची बाग उभी राहिली, ती नदी नातवाला परक्या लिपीच्या आडून भेटते आणि ओळखू येत नाही. दोष त्या मुलाचा नाही. 'त' आणि 'ट' यांना रोमन लिपीत एकच अक्षर आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा विवेक तिच्यापाशी नाही. प्रश्न आहे तो, ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी घरात आणि शाळेत कोणी घेतो का, हा.

तापी हे काही अर्थहीन ध्वनींचे गाठोडे नव्हे. 'तप्' म्हणजे तापणे, या धातूतून ते आले आहे. परंपरेने ही सूर्यकन्या मानली आहे. महाभारताच्या आदिपर्वात सूर्यकन्या तपती आणि राजा संवरण यांच्या विवाहाची कथा आहे. त्यांचा पुत्र कुरु. त्याच्यावरून कुरुवंश आणि कुरुक्षेत्र. म्हणजे खानदेशच्या काळ्या मातीतून वाहणारी ही नदी परंपरेच्या दृष्टीने हस्तिनापूरच्या राजकुळाची माता ठरते! बैतूल जिल्ह्यातील तिचे उगमस्थान मुलताई, हे नाव 'मूळतापी'चेच रूप होय. तेथून सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेजवळ ती सागराला मिळते. आषाढ शुद्ध सप्तमीला मुलताईत आणि सुरतेत तिचा जन्मोत्सव होतो. नदीचा वाढदिवस साजरा करणाऱ्या समाजाला तिच्या नावाचे शुद्धलेखन गौण वाटावे, हे काहीसे विचित्रच.

इंग्रजी अंमलात नर्मदेची 'नेरबुडा' झाली, कृष्णेची 'किस्तना' झाली. गंगेचे 'गँजेस' हे रूप तर ग्रीकांपासून चालत आलेले. त्यामागे प्रत्येक वेळी दुष्ट हेतू होता असे म्हणण्याचे कारण नाही. परक्या कानाला जे ऐकू आले ते परक्या हाताने लिहिले. मात्र लिहिणारा राज्यकर्ता असला की त्याची चूकही दप्तरात जाते, दप्तरातून नकाशात आणि नकाशातून पाठ्यपुस्तकात.

'ताप्ती'च्या बाबतीत मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. हे रूप सर्वस्वी इंग्रजांच्या माथी मारता येणार नाही. ते 'तपती'च्या जवळचे आहे आणि बैतूल-बऱ्हाणपूरकडचा हिंदी भाषक आपल्या नदीला आपुलकीने ताप्तीच म्हणतो. त्याच्या तोंडचे नाव काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. आक्षेप आहे तो वेगळ्याच गोष्टीला. खानदेशात आणि गुजरातेत लोक पिढ्यान्पिढ्या 'तापी' म्हणत असताना इंग्रजी ग्रंथांनी येथेही 'ताप्ती' चालवली आणि शिकलेल्यांनी तीच प्रमाण मानली.

सरकारी व्यवहारात आजही एकवाक्यता नाही. महाराष्ट्राचे महामंडळ 'तापी पाटबंधारे विकास'चे; गुजरातने २००७ साली नवा जिल्हा केला तो 'तापी'; रेल्वेची गाडी मात्र 'ताप्ती गंगा'. (आणि इंग्रजी वृत्तपत्रात चार मोठ्या अक्षरांत 'तापी' दिसली, तर ती नदी नसते, तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत यांच्या आद्याक्षरांची वायुवाहिनी असते.)

या संदर्भात सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे उदाहरण मोठे बोलके आहे. १९१५ साली तेथील राजा वजिरावुध याने दक्षिणेतील एका नगराला सुरतेवरून 'सुरत थानी' असे नाव दिले आणि त्या नगराजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव ठेवले 'तापी'. हा राजा ऑक्सफर्डमध्ये शिकलेला होता, तरीही त्याने इंग्रजी पुस्तकांतील 'ताप्ती' उचलली नाही. तेथे ती नदी आजही तापीच आहे.

मुंबईने १९९५ साली आपले नाव इंग्रजीतही परत मिळवले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'नमामि गंगे' योजनेत 'गँजेस'ला स्थान उरले नाही. तापीसाठी कोणत्याही आंदोलनाची गरज नाही, कायद्याचीही नाही. महाराष्ट्र आणि गुजरातच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत, पुलांवरील फलकांवर व नकाशांत 'तापी' हे एकच रूप असावे, एवढे दोन्ही शासनांनी ठरवले तरी पुरेसे आहे. ते होईपर्यंत खानदेशातील शिक्षकांनी वर्गात नदीचे नाव रोमन अक्षरांत लिहिताना शेजारी देवनागरीतही लिहावे आणि मुलांकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्यावे.